लाखमोलाचा आवाज

आठ लाखांची मोटार घेणाऱ्याकडे शेजारी पेढे मागतात. आठ लाखांची स्पीकरची जोडी घेणाऱ्याकडे मात्र तेच शेजारी काळजीने पाहतात. घरातही वेगळे चित्र नसते. 'गाणे तर जुन्या म्युझिक सिस्टिमवरही ऐकू येत होते,' हा आक्षेप हमखास येतो आणि 'फरक कानांना कळतो' हे त्यावरचे उत्तरही ठरलेले असते. हे उत्तर कितपत खरे, हे तपासून पाहण्यासारखे आहे. कारण ध्वनीच्या छंदावरील सारा खर्च अखेर याच एका विधानावर उभा असतो.

स्पीकरचे मूळ तत्त्व शंभर वर्षांत फारसे बदललेले नाही. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अमेरिकी अभियंत्यांनी १९२५ साली मांडलेली रचनाच आजही प्रचलित आहे. चुंबकीय क्षेत्रात तारेचे वेटोळे असते आणि त्याला शंकूच्या आकाराचा पडदा जोडलेला असतो. वेटोळ्यातून गाण्याचा विद्युतसंकेत गेला की पडदा मागेपुढे हलतो आणि हवेत ध्वनिलहरी उठतात. पाच हजारांच्या आणि पाच लाखांच्या बहुतेक स्पीकरमध्ये हेच घडते. मग मधले पैसे जातात कुठे?

त्यांतला मोठा वाटा खर्जात जातो. खालचे स्वर उमटवण्यासाठी पुष्कळ हवा हलवावी लागते. लहान खोके, खोल खर्ज आणि थोड्या वीजशक्तीत मोठा आवाज, या तीन गोष्टींपैकी दोनच एका वेळी साधतात. तिसरीवर पाणी सोडावे लागते. एडगर व्हिलचर यांनी १९५४ साली 'अकूस्टिक रिसर्च' कंपनीच्या स्पीकरमध्ये हवाबंद खोक्यातील हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून लहान खोक्यातून खोल खर्ज काढला, पण त्यासाठी अधिक ताकदीचा अ‍ॅम्प्लिफायर लागू लागला. दुसरा वाटा खोक्याच्या बांधणीत जातो. खोके थरथरू लागले तर ते स्वतःचाही सूर गाण्यात मिसळते, म्हणून त्याच्या भिंती जाड आणि आतून आधार दिलेल्या असाव्या लागतात. तिसरा वाटा पडद्याच्या पदार्थात जातो. महागड्या ट्वीटरमध्ये बेरिलियम किंवा कृत्रिम हिरा वापरतात तो त्यांच्या हलकेपणासाठी आणि ताठपणासाठी.

इथपर्यंतचा खर्च ध्वनीसाठी असतो. पुढे लाकडी कारागिरी, रंगाची झिलई, मर्यादित उत्पादन आणि नाममुद्रा यांचे पैसे सुरू होतात. विल्सन ऑडिओ या अमेरिकी कंपनीने २०१७ साली आणलेल्या एका जोडीची किंमत ६ लाख ८५ हजार डॉलर होती.

ध्वनीचा खर्च कुठे संपतो आणि शोभेचा कुठे सुरू होतो, हे ग्राहकाच्या कानांनी ठरवावे, असे म्हणणे सोपे आहे. पण कान एकटे काम करीत नाहीत. अमेरिकेतील हार्मन या कंपनीत शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली ४० कर्मचाऱ्यांना चार स्पीकर दोन प्रकारे ऐकवले. एकदा ते समोर दिसत होते, एकदा पडद्याआड होते. दिसत असताना मोठ्या, महागड्या स्पीकरना भरघोस गुण मिळाले आणि लहान, स्वस्त संच बराच मागे पडला. पडदा ओढल्यावर मात्र हे अंतर पुष्कळ आटले. स्पीकरची खोलीतील जागा बदलल्यावर आवाजात पडणारा खरा फरकही श्रोत्यांनी पडद्याआड ऐकताना नोंदवला. स्पीकर दिसत असताना तो त्यांच्या गुणांत फारसा उमटला नाही. हे श्रोते ध्वनियंत्रे बनवणाऱ्या कंपनीतलेच होते, हे विशेष.

याचा अर्थ सगळे स्पीकर सारखेच, असा नव्हे. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी १९८० च्या दशकात केलेल्या चाचण्यांतून उलटेच दिसले. स्पीकर दिसत नसतील तर बहुतेक श्रोत्यांची आवड आश्चर्य वाटावे इतकी जुळते. जो स्पीकर कोणताही स्वर वाजवीपेक्षा फुगवत किंवा दाबत नाही आणि ज्याचा आवाज समोरच नव्हे तर बाजूंनाही समतोल पसरतो, तो त्यांना आवडतो. हे गुण मोजता येतात. आता स्पीकरभोवती ७० दिशांनी मापन करून त्याचे आलेख काढण्याची प्रमाणित पद्धत आहे. खरेदीपूर्वी किमतीच्या पाटीइतकेच लक्ष या आलेखांकडे द्यावे.

दुकानातील तुलनेत आणखी एक सापळा असतो. किंचित मोठा आवाज कानाला 'अधिक चांगला' वाटतो. सारख्याच वीजसंकेतावर एक स्पीकर ८६ डेसिबल आणि दुसरा ९० डेसिबल आवाज देत असेल, तर अ‍ॅम्प्लिफायरचे बटण न हलवता केलेली तुलना दुसऱ्याच्या बाजूने झुकणारच. म्हणून आधी मोबाइलमधील ध्वनिमापक अ‍ॅप वापरून दोन्हींचा आवाज एका पातळीवर आणावा. विक्रेत्याने निवडलेल्या चमकदार ध्वनिमुद्रणाऐवजी वर्षानुवर्षे ऐकलेले गाणे सोबत न्यावे. तानपुऱ्याची जवारी, डग्ग्याचा घुमारा आणि परिचित गायकाचा श्वास या गोष्टी फसव्या स्पीकरला लगेच उघडे पाडतात.

यानंतरचा घटक कोणत्याही कंपनीच्या हातात नसतो. तो म्हणजे श्रोत्याची खोली. मुंबई-पुण्यातील फ्लॅटमधल्या १० फूट बाय १२ फुटांच्या खोलीत सुमारे ४७ आणि ५६ हर्ट्झच्या स्वरलहरी समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून घुमतात. खोलीच्या एका भागात खर्ज अंगावर येतो, तर दुसऱ्या भागात तो नाहीसा होतो. पडदे, गाद्या आणि पुस्तकांची कपाटे यांनी वरच्या स्वरांचा गोंगाट कमी होतो. खर्जाचा हा दोष त्यांना फारसा आवरत नाही. तिथे स्पीकर कोपऱ्यातून पुढे घेणे आणि बसण्याची जागा बदलून पाहणे हाच पहिला उपाय असतो आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. अशा खोलीत पुरुषभर उंचीचे स्पीकर आणणे म्हणजे त्या दोषाला अधिक बळ देणे होय.

तारांबाबतही हिशेब साधा आहे. घरातील वायरिंगला वापरतात तशी अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार तीन मीटर अंतरावर जोडली, तर जाण्या-येण्याचा एकूण विद्युतरोध सुमारे ०.०४ ओहम भरतो. आठ ओहमच्या स्पीकरपुढे तो नगण्य आहे. तारेवर हजारो रुपये घालण्यापेक्षा ते स्पीकरवर घालणे शहाणपणाचे.

मग या खर्चाचे समर्थन होऊ शकते का? होऊ शकते, पण ते ऐकण्याच्या तासांनी करावे. १ लाख २० हजारांची जोडी १५ वर्षे रोज एक तास ऐकली, तर तासाला सुमारे २२ रुपये पडतात. तीच आठवड्याला एक तास ऐकली, तर सुमारे १५४ रुपये. म्हणजे सौदा स्वस्त की महाग हे किमतीइतकेच मालकाच्या सवयीवर ठरते. दीर्घ वापराचा हिशेब मांडताना पडद्याच्या कडेचा पदार्थही पाहावा. फोमची कड दमट हवेत काही वर्षांत झिजून गळते, रबराची अधिक टिकते. किनारपट्टीच्या शहरांत हा मुद्दा दुर्लक्षून चालणार नाही.

सुंदर वस्तूच्या मालकीचे समाधान हेही खर्चाचे रास्त कारण आहे. घड्याळांचा आणि पैठण्यांचा व्यवहार त्यावरच चालतो. फक्त शोभेसाठी दिलेले पैसे ध्वनीच्या खात्यावर लिहू नयेत. 'फरक कानांना कळतो' असे घरात सांगायचे असेल, तर आधी डोळे मिटून बसावे आणि कोणता स्पीकर केव्हा लावायचा, हे शंका घेणाऱ्या घरच्याच माणसावर सोपवावे. त्या परीक्षेत उतरलेल्या जोडीची किंमत मग चारचौघांत सांगायलाही संकोच वाटणार नाही.