फेसाचा बांध

मंडळी, उसाला पाणी कसे पाजावे, हे आपल्या कोल्हापूर भागात कुणाला शिकवावे लागत नाही. एक सरी भरली की खोऱ्याने चार ढेकळे ओढायची आणि पाटात मातीचा बांध घालायचा. पाणी तिथेच थांबते. मग पुन्हा बांध मोडायचा, पाणी पुढे सोडायचे. हा बांध घटकाभराचा असतो. काम झाले की त्याचे कामच उरत नाही.

आता असा विचार करा. पाट उघडा असतो, पण लोखंडी नळ बंद असतो. त्या नळाच्या पोटात असा घटकाभराचा बांध घालायचा झाला तर? आणि नळात पाणी नसून पेट्रोल किंवा गॅस असला तर? यावर जाणकारांनी जे उपाय काढले, त्यांतला एक मोठा गमतीचा आहे. तो म्हणजे फेसाचा बांध. त्याचीच माहिती आज आम्ही सांगणार आहोत.

पाण्याच्या नळाचे काम त्या मानाने सोपे. काळम्मावाडीच्या धरणातून कोल्हापूर शहराला सुमारे 53 किलोमीटर लांबीच्या नळाने पाणी आणले आहे. 2023 साली हे पाणी शहरात आले. असा नळ कुठे गळू लागला, तर दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद करतात, आतले पाणी काढून टाकतात आणि वेल्डिंग करतात. थोडे पाणी पाझरत राहिले तर सांधा नीट बसत नाही, पण जिवाला धोका नसतो. परदेशांतले जुने नळ-कारागीर अशा वेळी नळात पावाचा मऊ गर कोंबतात. तेवढ्याने पाझर थांबतो. सांधा बसला की पाणी सोडायचे. पाव भिजून विरघळतो आणि वाहून जातो.

तेलाच्या नळाची गोष्ट वेगळी. व्हॉल्व्ह बंद केला, पंपाने तेल उपसून घेतले, तरी नळ खरोखर रिकामा होत नाही. भिंतींना तेल चिकटलेले राहते. व्हॉल्व्ह जुना असला तर थेंब थेंब येतच राहते. त्या तेलाची वाफ होते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. शंभर भाग हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात भाग मिसळली, की ते मिश्रण ठिणगीची वाटच बघत असते. नैसर्गिक गॅसचे तेच प्रमाण 5 ते 15 भाग आहे. आणि वेल्डिंग म्हणजे तर ठिणग्यांचा पाऊसच! म्हणून कामाच्या जागी वाफ पोचू देता कामा नये. बांध हवा तो यासाठी.

हा बांध कशाचा घालावा? काही ठिकाणी चिकणमाती चोपून भरतात. पण मागाहून ती माती नळातून काढत बसावे लागते. काही ठिकाणी रबरी पिशवी आत घालून फुगवतात. पण नळ आतून गंजून खडबडीत झाला असला, तर पिशवी आणि भिंत यांच्यामध्ये फट राहते. फेसाचे तसे नाही. फेस जागा असेल तसा आकार घेतो. खाचखळगे, वाकण, सगळीकडे भरतो.

फेस आपल्या ओळखीचाच आहे. गुऱ्हाळात काहिलीतला रस उकळू लागला की फेस वर चढतो. आम्ही शाळेत शिकवीत असताना मुलांपुढे रिठ्याच्या पाण्याचा फेस करून दाखवीत असू. फेस म्हणजे पाण्याच्या पातळ पडद्यांत कोंडलेली हवा. एकावर एक अशा हजारो इवल्या खोल्याच म्हणा ना! एका दाराचे घर चोर सहज फोडील. पण ओळीने हजार दारे असली तर? वाफेचेही तसेच. एकेक पडदा ओलांडता ओलांडता ती अडून पडते.

पण साध्या फेसात एक खोड आहे. तो टिकत नाही. पडद्यांतले पाणी वजनाने खाली ओघळते, पडदा पातळ होतो आणि बुडबुडा फुटतो. म्हणून फेसाला स्थिर करावे लागते. त्यासाठी पाण्यात दाटपणा आणणारा पदार्थ मिसळतात. आपण भाजीला आणतो त्या गवारीच्या बियांपासून गवार-गोंद निघतो. तो अशाच दाटपणासाठी जगभर वापरतात. पाणी दाट झाले की ओघळायला वेळ लागतो, आणि फेस तासन् तास उभा राहतो. घरी करून बघा. दोन पेल्यांत रिठ्याचे पाणी घ्या. एकात खायचा डिंक भिजवून त्याचे दाट पाणी मिसळा. दोन्ही सारखेच घुसळा आणि ठेवून द्या. कोणता फेस आधी बसतो ते पाहा. सगळे शास्त्र त्या दोन पेल्यांत आहे.

आता प्रत्यक्ष काम कसे चालते ते पाहू. प्रथम दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद करून नळातला दाब उतरवतात आणि तेल काढून घेतात. मग खराब तुकडा कापतात. पण तो ज्योतीने नव्हे, तर पाणी मारीत, सावकाश फिरणाऱ्या पात्याने, म्हणजे ठिणगी पडत नाही. मग दोन्ही उघड्या तोंडांतून, वेल्डिंगची धग लागणार नाही इतके आत, फेस भरतात. तो बारीक बुडबुड्यांचा आणि दाट लागतो. फेस फुगवायला साधी हवा न वापरता नायट्रोजन वायू वापरला तर अधिक चांगले, कारण नायट्रोजन आगीला साथ देत नाही. बांधाच्या मागे नळाला एक लहान भोक ठेवतात. उन्हाने नळ तापला तर आतली वाफ फुगते. तिला बाहेर पडायला वाट नसली, तर ती बांधच पुढे ढकलील.

यानंतर वाफ मोजण्याचे यंत्र लावून बघतात. यंत्राने हवा शुद्ध दाखवली तरच वेल्डिंग सुरू होते, आणि काम चालू असेपर्यंत मोजणीही चालूच ठेवतात. आग विझवण्याचे साहित्य घेऊन माणसे जवळ उभी असतात. सांधा तपासून झाला की तेल सोडतात. तेलाच्या रेट्याने फेस मोडतो आणि त्याचे थोडेसे पाणी होऊन पुढे जाते. मागे माती नाही, चिंधी नाही.

मात्र फेसाची ताकद ओळखून असावे. तो वाफ अडवतो, पण दाबाने येणारे तेल त्याला अडवता येत नाही. व्हॉल्व्हचे काम व्हॉल्व्हनेच करायचे, फेस हा त्याच्या मदतीला. शिवाय फेसाला काळवेळ आहे. ठरलेल्या वेळेत काम उरकले नाही, तर काम थांबवून फेस नव्याने भरावा लागतो.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, याचा आम्हाला काय उपयोग? उपयोग आहे, मंडळी. दाभोळहून बंगळूरला जाणारा सुमारे 1000 किलोमीटरचा गॅसचा नळ आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातून जातो. 2013 सालापासून तो चालू आहे. असा नळ रानातून गेला असेल, तर जमीन शेतकऱ्याचीच राहते. पण 1962 च्या कायद्याप्रमाणे त्या पट्ट्यात घर बांधता येत नाही, विहीर किंवा तळे खणता येत नाही, झाड लावता येत नाही. हा जाच नव्हे. 27 जून 2014 रोजी आंध्र प्रदेशात नगरम गावी गॅसचा नळ फुटला आणि आग लागली. वीसच्या वर माणसे गेली. म्हणून खुणेचे खांब उपटू नका. जेसीबी लावण्यापूर्वी खांबावर लिहिलेल्या नंबरवर विचारा. वास आला, जमिनीतून फसफस आवाज आला, तर बिडी, मोटार, विजेचे बटण यांपासून दूर राहा. वारा जिकडून येतो तिकडे सरका आणि फोन दुरूनच करा.

दुसरी गोष्ट आपल्या घरची. सिलिंडरची नळी गळते की काय, अशी शंका आली तर काडी ओढून बघू नका. साबणाचा फेस लावा. बुडबुडे फुगू लागले तर गळती आहे. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा आणि 1906 या नंबरवर कळवा.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. डिझेल-पेट्रोलचे रिकामे पिंप, ट्रॅक्टरची जुनी टाकी, आपण सहज वेल्डिंगवाल्याकडे नेतो. "रिकामंच हाय की," म्हणतो. पण रिकामे पिंप भरलेल्या पिंपाहून वाईट, कारण त्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात. पिंप फुटून कारागिरांचे जीव गेले आहेत. म्हणून ते आधी आतून स्वच्छ धुऊन घ्यावे. मग जोडायची जागा तेवढी मोकळी ठेवून, तिच्या खालपर्यंत पाणी भरावे आणि झाकण उघडे ठेवावे. पाण्याने जागा अडवली की वाफेला जागा राहत नाही. तेलाच्या नळात फेस जे करतो, तेच इथे पाणी करते. आणि हे सगळे जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे, अंदाजाने नव्हे.

फेस फुंकरीने उडतो, पण जागच्या जागी, वेळच्या वेळी आणि समजून वापरला, तर तो आग अडवतो. वेल्डिंगवाल्याच्या दारात पिंप उतरवताना एवढे विचारायला विसरू नका : "दादा, आत पाणी भरलंय न्हवं?"