पायथ्याची गावे (भाग ६) : देवळाची पाठ

मागच्या आठवड्यात आपण पसरणी घाटाच्या माथ्यावरून वाई पाहिली. आज घाट उतरून थेट कृष्णेच्या काठी जाऊ.

वाईला येणारा माणूस आधी ढोल्या गणपतीपुढे हात जोडतो. एकाच दगडातून घडवलेली ती भव्य मूर्ती पाहिली, की पाय परतीकडे वळतात. माझी विनंती आहे, तसे करू नका. दर्शन झाले की देवळाला वळसा घालून मागे जा. रास्ते घराण्यातल्या गणपतराव भिकाजींनी १७६२ साली बांधलेल्या या देवळाचे खरे शहाणपण त्याच्या पाठीत आहे.

मागची भिंत सरळ नाही. माशाच्या तोंडासारखी ती निमुळती होत नदीच्या वरच्या अंगाला पुढे आली आहे. कारण नदीच्या उगमाशी आहे. कृष्णा महाबळेश्वरला, सुमारे १,३३७ मीटर उंचीवर उगम पावते आणि वाईला पोचेपर्यंत जवळजवळ निम्मी उंची उतरून येते. डोंगरावर पाऊस कोसळतो, खाली वाईत मात्र त्या मानाने फारच कमी पडतो. त्यामुळे गावावर नुसती भुरभुर असतानाही नदी फुगून येऊ शकते. अशा लोंढ्यापुढे सपाट भिंत उभी केली, तर पाण्याचा सगळा रेटा तिच्यावर येणार. निमुळत्या टोकाशी मात्र पाणी दुभंगते आणि दोन्ही बाजूंनी निघून जाते. आज वरच्या अंगाला धोम धरण आहे. बांधणाऱ्यांच्या काळात पाणी अडवणारे काहीच नव्हते, आणि तरी त्यांनी देऊळ काठावरून मागे नेले नाही. मला त्या गवंड्यांचे फार कौतुक वाटते.

शेजारचे काशीविश्वेश्वराचे देऊळ पाच वर्षे आधीचे, १७५७ सालचे. तिथला काळ्या पाषाणाचा नंदी सावकाश पाहा. त्याच्या गळ्यातल्या माळांची कोरीव नक्षी घाईत डोळ्यांतून निसटते.

गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड : एकेका घाटाच्या नावावरून वाईकर आपले गाव सांगतात. थंडी ओसरू लागली की याच घाटांवर आळीपाळीने कृष्णाबाईचा उत्सव बसतो. अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी कृष्णेला बोललेल्या नवसातून तो सुरू झाला, असे परंपरा सांगते. वाईकरांच्या तोंडी नदीला ‘बाई’ म्हणण्यात जी माया आहे, ती ऐकायची तर याच दिवसांत यावे.

गावातली प्राज्ञपाठशाळा आणि विश्वकोशाचे कार्यालय यांना स्वतंत्र भाग हवा, तो पुढच्या आठवड्यात.

आज शेवटी मेणवलीला जाऊ. ते वाईपासून जेमतेम तीन किलोमीटरवर आहे. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे चंद्रकोरीसारखा वळलेला घाट आहे. तिथल्या मेणेश्वराच्या देवळाजवळ एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि १७०७ हे साल आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून वसई घेतली, त्या विजयातली ही घंटा. मेरीचे चित्र कुणी घासून काढलेले नाही. घंटेखाली उभे राहिले, की ते अजूनही ओळखू येते.