डिजिटल आरोग्यसेवेतील संस्थात्मक भूमिका : विटा परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
खानापूर तालुक्याचे मुख्यालय असलेले विटा यंत्रमागासाठी जितके, तितकेच गलाई व्यवसायासाठी परिचित आहे. सोने-चांदी शुद्ध करण्याच्या या व्यवसायानिमित्त खानापूर-आटपाडी परिसरातील असंख्य कुटुंबे देशभरातील शहरांत विखुरलेली आहेत. मात्र गावाशी त्यांचा संबंध तुटत नाही. अशा कुटुंबातील बालकाला पहिली लस गावी आणि पुढची परराज्यात मिळाली, तर तिची नोंद कोणी ठेवावी? प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या आधारे डिजिटल आरोग्यसेवेतील संस्थांच्या भूमिकांचा विचार केला आहे.

नोंदींचे बदलते स्वरूप :
केंद्र शासनाने २००८ साली सुरू केलेल्या आरोग्य व्यवस्थापन माहिती प्रणालीचा भर संस्थानिहाय आकड्यांवर होता. किती बालकांना लस दिली हे त्यातून कळे. कोणत्या बालकाची राहिली हे कळत नसे. पुढे माता व बालकांचा नावानिशी मागोवा ठेवणारी प्रणाली आली. १६ जानेवारी २०२१ रोजी कोविड लसीकरण सुरू झाले आणि कोविन प्रणालीमुळे एक मात्रा एका राज्यात व दुसरी दुसऱ्या राज्यात घेणे शक्य झाले. नियमित लसीकरणासाठीची यू-विन प्रणाली त्याच धर्तीवर उभी आहे.

कोणाचे काम कोणते?
सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतील विषय असला, तरी २७ सप्टेंबर २०२१ पासून देशभर सुरू झालेले आयुष्मान भारत डिजिटल अभियान राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण राबविते. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. चौदा अंकी आभा क्रमांक काढला म्हणजे रुग्णाचे कागद दिल्लीत जमा झाले असे नव्हे. नोंद जेथे तयार झाली तेथेच राहते; प्राधिकरणाची यंत्रणा रुग्णाच्या संमतीने ती दुसऱ्या संस्थेस उपलब्ध करून देते. साहजिकच ज्या दवाखान्यात संगणकीय नोंद होतच नाही, तेथील रुग्णाच्या हाती क्रमांक येतो, आजाराचा पूर्वेतिहास येत नाही.

स्थानिक पातळीवर चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नियंत्रणाखाली, तर गावोगावची प्राथमिक आरोग्य केंद्रे व उपकेंद्रे जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या. खासगी रुग्णालये या दोहोंबाहेर. एकाच मातेची तपासणी उपकेंद्रात आणि प्रसूती अन्यत्र झाली, की तिची माहिती दोन प्रशासनांत विभागली जाते. संगणक हे अंतर आपोआप मिटवील, ही अपेक्षा भाबडी आहे.

त्या मानाने ई-संजीवनी सेवेतील कामाची वाटणी स्पष्ट आहे. उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णासमवेत बसतो व दूरच्या डॉक्टरांशी संपर्क साधून देतो. डॉक्टर मात्र रुग्णाला हात लावून तपासू शकत नाहीत. म्हणून अधिकाऱ्याने घेतलेल्या नोंदीवर सल्ल्याची गुणवत्ता अवलंबून राहते.

नोंदींचा खरा भार आरोग्यसेविका व आशा यांच्यावर पडतो. तीच माहिती वहीत आणि पुन्हा मोबाइलवर भरावी लागत असेल, तर त्यास सुधारणा म्हणणे कठीण आहे. २०२३ मधील आशांच्या राज्यव्यापी संपात ऑनलाइन कामाची सक्ती नको, ही मागणी होती, ती याच कारणाने समजून घेतली पाहिजे.

गलाई कुटुंबांबाबत प्रस्तुत लेखकास एक गोष्ट महत्त्वाची वाटते. कुटुंब परगावी निघाले, की बालकाची नोंद केवळ ‘स्थलांतरित’ म्हणून बंद न करता राहिलेल्या लसींची यादी पालकांच्या हाती देणे आणि गावी परतल्यावर ती पुन्हा उघडणे, हे काम तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयाकडे नेमून द्यावे. त्यासाठी नव्या प्रणालीची गरज नाही. लेखी आदेश पुरेसा आहे.