हाडांना भार हवा, पण कसला?

समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी एक असलेल्या उंब्रजच्या मारुतीची मूर्ती चुना, वाळू आणि ताग यांची असल्याचे सांगतात. मानवी हाडाची घडणही याच जातीची आहे. कोलॅजन या प्रथिनाचे चिवट तंतू हा त्यातला ताग, तर त्यांवर बसलेले कॅल्शियम व फॉस्फरसचे क्षार हा चुना होय. मूर्ती मात्र एकदाच घडते आणि हाड जन्मभर मोडत-घडत राहते. हाड झिजवणाऱ्या आणि नवे हाड भरणाऱ्या अशा दोन प्रकारच्या पेशी त्यात अखंड काम करत असतात आणि भर कोठे घालायची हे बऱ्याच अंशी तेथे पडणाऱ्या भारावरून ठरते. जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी 1892 मध्ये हा नियम सविस्तर मांडला.

शरीराचे वजन हा हाडांवरचा रोजचा भार असल्याने, तो फार कमी असलेल्या व्यक्तीची हाडे बहुधा विरळ राहतात. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता येणारा आकडा म्हणजे बीएमआय, तो 18.5 च्या खाली असल्यास वजन अपुरे मानतात. दीडशे सेंटिमीटर उंचीच्या व चाळीस किलो वजनाच्या स्त्रीचा हा आकडा 17.8 येतो. तिच्या अंगावर स्नायू व चरबी दोन्ही बेताचीच असतात. आणि पाळी गेल्यानंतर चरबीत तयार होणारे थोडेसे इस्ट्रोजेन, म्हणजे हाडांची झीज रोखणारे संप्रेरक, हाही तिचा आधार तोकडा पडतो. म्हणूनच कृश वृद्धांमध्ये खुबा मोडण्याचा धोका अधिक आढळतो.

यावरून स्थूलपणा हाडांना हितकारक ठरतो, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. जाड व्यक्तींत खुब्याचे अस्थिभंग तुलनेने कमी असले, तरी घोट्याचे व दंडाचे अधिक दिसतात; पोटातील चरबीमुळे शरीरात मंद दाह राहतो, ड जीवनसत्त्व चरबीत अडकून रक्तात कमी उरते, आणि टाइप 2 मधुमेह जडल्यास तपासणीत घट्ट दिसणारे हाडही ठिसूळ असू शकते. महाराष्ट्रात हे दोन्ही प्रश्न शेजारी-शेजारी नांदतात, कारण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातील सुमारे 21 टक्के स्त्रियांचे वजन अपुरे, तर सुमारे 23 टक्के स्त्रियांचे जादा होते.

या प्रश्नाचे मूळ जन्मापूर्वीपर्यंत जाते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने जिल्ह्यातील सहा गावांत 1993 मध्ये सुरू केलेल्या माता-पोषण अभ्यासात, गरोदरपणी दूध, डाळी, पालेभाज्या असे कॅल्शियमयुक्त अन्न अधिक खाणाऱ्या मातांच्या मुलांची हाडे सहाव्या वर्षी अधिक भरीव आढळली. ही भर साधारण तिशीपर्यंत चालते. पुढचे आयुष्य त्या साठ्यावरच काढायचे असते.

वजन उतरवतानाही हा साठा जपावा लागतो, कारण केवळ उपासाने वजन झटपट घटवल्यास चरबीबरोबर स्नायू आणि हाडेही झिजतात. कॅल्शियमची प्रौढांची दैनिक गरज सुमारे 1000 मिलिग्रॅम असून, पाटणच्या डोंगरपट्ट्यात पिकणाऱ्या नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये त्यातले सुमारे 350 मिलिग्रॅम मिळते. तिच्या जोडीला दूध, डाळी, कोवळे ऊन आणि जिना चढणे, भरभर चालणे, वजन उचलणे असे स्नायूंना ताण देणारे व्यायाम हवेत. नुसत्या कष्टाने मात्र भागत नाही, कारण अर्धपोटी वाहिलेल्या मोळीच्या भाराला हाडात रूपांतरित व्हायला शरीरात सामग्रीच नसते.

हाडांची झीज दुखत नाही; अनेकदा पहिली खूण असते ती साध्या घसरण्याने मोडलेले मनगट. पन्नाशीनंतर असे घडल्यास प्लास्टर निघाले की प्रकरण मिटले असे समजू नये, तर हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीविषयी डॉक्टरांना आवर्जून विचारावे.