प्रयोगशाळेचे दार लोकांसाठी का उघडते?

फेब्रुवारीचा अखेरचा आठवडा आला की पुण्यात गणेशखिंडीच्या विद्यापीठ परिसरात शाळकरी मुलांची वर्दळ वाढते. प्रश्नमंजूषा, निबंध व चित्रकला स्पर्धा, व्याख्याने, प्रयोगांची प्रात्यक्षिके आणि अंधार पडल्यावर आकाशदर्शन असा हा भरगच्च कार्यक्रम असतो. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त या परिसरातील 'आयुका', म्हणजेच आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्र, सर्वसामान्यांसाठी खुले होते. त्याच सुमारास शहरापासून सुमारे ८० किलोमीटरवरील खोडद येथे 'जीएमआरटी' ही महाकाय रेडिओ दुर्बीण पाहण्यासाठी नागरिकांची रीघ लागते.

वर्षभर बंद दाराआड चालणारे संशोधन या काही दिवसांत लोकांसमोर मांडले जाते. त्याकडे वार्षिक उत्सव म्हणून पाहण्याची सवय झाली आहे. मात्र या उपक्रमांमागील गरज उत्सवापेक्षा मोठी आहे. लोकांच्या सहकार्याविना काही प्रकारचे संशोधन आता शब्दशः अशक्य होऊ लागले आहे आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण पुणे जिल्ह्यातच आहे.

बहूबझार रस्त्यावरील फलक

विज्ञान दिनाच्या मुळाशीही एका उघड्या दाराचीच कथा आहे. कोलकात्यातील डॉ. महेंद्रलाल सरकार या ख्यातनाम डॉक्टरांनी १८७६ मध्ये 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' ही संस्था स्थापन केली. विज्ञान भारतीयांनी आत्मसात करावे, हा त्यांचा ध्यास होता. लोकांच्या देणग्यांवर उभ्या राहिलेल्या या संस्थेचे सुरुवातीचे मुख्य कार्य जाहीर व्याख्यानांचे होते.

१९०७ मध्ये वित्त खात्यातील एक अठरा वर्षांचा अधिकारी ट्राममधून जात असताना त्याला संस्थेचा फलक दिसला. त्याने दार ठोठावले. दार उघडणारे आशुतोष डे पुढे दीर्घकाळ त्याचे सहायक झाले. हा तरुण म्हणजे चंद्रशेखर वेंकट रामन. दिवसा सरकारी नोकरी आणि उरलेल्या वेळेत प्रयोग, असा त्यांचा क्रम दहा वर्षे चालला. १९१७ मध्ये ते कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक झाले, तरी त्यांची प्रयोगशाळा तीच राहिली. प्रकाशाच्या विकिरणासंबंधीचा 'रामन परिणाम' तेथेच २८ फेब्रुवारी १९२८ रोजी सिद्ध झाला आणि १९३० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९८७ पासून हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा होतो. लोकांसाठी उघडलेले दार नसते, तर हा शोध कदाचित दुसऱ्या देशात लागला असता.

पत्रातून विज्ञान

पुण्यातील परंपरेलाही असेच अधिष्ठान आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या 'आयुका'चे संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर यांनी मराठीतून विज्ञानकथा आणि विज्ञानलेख लिहिले. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते सांगत, 'प्रश्न लिहून पत्र पाठवा, उत्तर स्वाक्षरीसह मिळेल.' शाळकरी मुलांसाठी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी होणारी व्याख्याने आणि पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानाच्या साहाय्यातून उभी राहिलेली 'मुक्तांगण विज्ञान शोधिका' ही याच विचाराची फळे होत. डॉ. नारळीकर यांचे मे २०२५ मध्ये निधन झाले. विज्ञानाविषयी बोलायचे तर आधी समोरच्याचा प्रश्न ऐकावा, ही त्यांनी घालून दिलेली शिस्त मात्र आजही मार्गदर्शक ठरावी अशी आहे.

आकाश ऐकण्यासाठी हवी शांतता

या शिस्तीची खरी कसोटी खोडदला लागते. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने तेथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभारल्या. त्यांपैकी १४ मध्यवर्ती भागात, तर उर्वरित १६ इंग्रजी 'वाय' अक्षराच्या आकारात सुमारे २५ किलोमीटरपर्यंत विखुरलेल्या आहेत. त्यामुळे सर्व तबकड्या मिळून एकाच विशाल दुर्बिणीप्रमाणे काम करतात. भरीव पत्र्याऐवजी ताणलेल्या दोरांवर पोलादी तारांची जाळी बसवण्याची युक्ती येथे योजण्यात आली. वारा जाळीतून निघून जातो, वजन घटते आणि खर्चही आटोक्यात राहतो. ही महादुर्बीण २००१ मध्ये राष्ट्राला अर्पण करण्यात आली.

अवकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी कमालीच्या क्षीण असतात. एखादा साधा मोबाइल चंद्रावर ठेवून सुरू केला, तर पृथ्वीवरील रेडिओ दुर्बिणीला तो आकाशातील अतितेजस्वी स्रोतांपैकी एक भासेल. मग तोच मोबाइल तबकडीपासून काही मीटरवर असेल तर काय होईल, याची कल्पना करता येते. म्हणूनच वेधशाळेच्या आवारात पाहुण्यांना मोबाइल बंद ठेवण्यास सांगितले जाते. विजेच्या तारांवरील ठिणग्या, दूरचित्रवाणीचे बूस्टर, सदोष विद्युत उपकरणे यांचाही उपद्रव होतो.

ही शांतता राखली गेली, तर काय हाती लागते, हेही दिसून आले आहे. सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी एका दूरस्थ दीर्घिकेतील हायड्रोजनपासून निघालेला संदेश या दुर्बिणीच्या साहाय्याने टिपल्याचे जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झाले. त्याच वर्षी अतिमंद गुरुत्वीय लहरींच्या अस्तित्वाचे पुरावे जगभरातील गटांनी मांडले, त्यातही खोडदच्या निरीक्षणांचा वाटा होता.

रेल्वे की रेडिओलहरी?

या शांततेची किंमत मात्र परिसराला मोजावी लागते. वेधशाळेच्या प्रभावक्षेत्रात उद्योग उभारण्यावर बंधने आहेत. प्रस्तावित पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेमार्ग नारायणगाव परिसरातून नेल्यास दुर्बिणीच्या कामात अडथळा येईल, सबब मूळ मार्ग बदलावा लागेल, अशी भूमिका २०२४-२५ मध्ये रेल्वे मंत्रालयाकडून मांडण्यात आली. त्यावर जुन्नर, आंबेगाव, संगमनेर भागांत नाराजी उमटली. अनेक वर्षे ज्या रेल्वेची वाट पाहिली, ती आकाशातील लहरींसाठी दूर का जावी, हा तेथील नागरिकांचा प्रश्न आहे आणि तो अज्ञानातून आलेला नाही. भाजीपाला आणि द्राक्षे पिकवणाऱ्या पट्ट्याला बाजारपेठ जवळ आणणारा मार्ग हवा असणे स्वाभाविकच आहे.

अशा वेळी केवळ 'जागतिक दर्जाची दुर्बीण' असे म्हणून भागत नाही. अडथळा नेमका कशामुळे येतो, तांत्रिक उपायांनी तो किती कमी करता येतो, कोणते पर्याय तपासले आणि ते का नाकारले, हे लोकांच्या भाषेत सांगावे लागते. त्याची सुरुवात वाद पेटल्यावर करून उपयोग नसतो. विज्ञान दिनी खोडदच्या प्रदर्शनात आपले प्रयोग घेऊन येणारे आसपासच्या शाळांतील विद्यार्थी हीच या संवादाची खरी पायाभरणी आहे.

संवाद तुटला तर...

संवाद फसल्यास काय होते, याचा दाखला तामिळनाडूत मिळतो. थेनी जिल्ह्यातील डोंगराच्या पोटात न्यूट्रिनो वेधशाळा उभारण्याच्या सुमारे १,५०० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला केंद्राने २०१५ मध्ये मंजुरी दिली. न्यूट्रिनो हे कण प्रत्येकाच्या शरीरातून अखंड आरपार जात असतात आणि त्यांपासून अपाय होत नाही. तरीही किरणोत्साराची भीती पसरली. तिच्या जोडीला पश्चिम घाटातील जंगल, पाणी आणि वन्यजीव यांविषयीचे रास्त प्रश्नही होते. भीती आणि प्रश्न यांची गुंतागुंत वेळीच सुटली नाही. अखेर हा प्रकल्प नको, अशी भूमिका राज्य सरकारने २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मांडली.

महाराष्ट्रासमोर तशीच परीक्षा पुन्हा येणार आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारायच्या 'लायगो-इंडिया' या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेस केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांमध्ये प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही सूक्ष्म बदल मोजणाऱ्या या यंत्राला जमिनीची शांतता लागेल. जवळून जाणारी अवजड वाहनेही तेथे व्यत्यय ठरू शकतात. 'आयुका' या प्रकल्पातील एक भागीदार संस्था आहे.

पाहुण्यांनी काय विचारावे?

विद्यापीठांच्या आणि संशोधन संस्थांच्या विज्ञान सप्ताहाला जाणाऱ्या नागरिकांनी म्हणूनच केवळ चमत्कृती पाहून परतू नये. हे काम कोणाच्या पैशातून चालते, गेल्या वर्षी कोणता प्रयोग फसला, या संशोधनासाठी कोणाला काय सोडावे लागते आणि त्या बदल्यात त्यांना काय मिळते, हे प्रश्न अवश्य विचारावेत. संस्थांनीही गर्दीच्या आकड्यांवर समाधान न मानता, अशा किती प्रश्नांना प्रामाणिक उत्तरे दिली, यावर आपल्या उपक्रमाचे यश मोजावे. करदात्याच्या पैशावर आणि शेजाऱ्याच्या सहनशीलतेवर चालणाऱ्या विज्ञानाला वर्षातील एका आठवड्यापुरते नव्हे, तर वर्षभर उत्तरदायी राहावे लागेल. खोडदच्या तबकड्यांभोवतीची शांतता कायद्याने काही काळ राखता येईल; ती टिकेल, ती मात्र गावकऱ्यांना पटली तरच.