खंडरचनेचे प्रयोग आणि गाळणीची मर्यादा

सावदा परिसरात पुष्कळांच्या घरी लेवा गणबोली आणि शाळेत प्रमाण मराठी चालते. या दोहोंच्या श्रवणाने मेंदूत भिन्न व्यापार घडतात काय, हे एफ-एमआरआय यंत्राने पाहावयाचे आहे असे समजू. ४० सेकंद बोली, ४० सेकंद शांतता, ४० सेकंद प्रमाण मराठी, पुन्हा तितकीच शांतता, अशी खंडरचना साहजिकच सुचते.

यंत्राचा संकेत मात्र स्थिर राहत नाही. यंत्र तापते, डोके किंचित सरकते, आणि संकेताची पातळी मिनिटामिनिटाने ढळत जाते. हा मंद ढळ काढण्यासाठी उच्चपारक गाळणी वापरतात. ठरावीक काळाहून दीर्घ आवर्तनाचे चढउतार ती पुसून टाकते. एसपीएम या संगणकप्रणालीत ही मर्यादा मुळात १२८ सेकंद असते, व ती तशीच ठेवण्याचा मोह सहज होतो.

घोटाळा येथेच होतो. वरील रचनेत श्रवण व शांतता यांचे आवर्तन ८० सेकंदांचे. ते गाळणीतून सुखरूप पार पडते. परंतु बोली व प्रमाण यांतील भेदाचे आवर्तन १६० सेकंदांचे. तो भेद ढळाबरोबरच बहुतांशी पुसला जातो. श्रवणकेंद्रे उजळलेली दिसतात म्हणून प्रयोग यशस्वी वाटतो, आणि मेंदूला दोन्ही भाषारूपे सारखीच, असा निष्कर्ष निघतो. हा मेंदूचा गुण नव्हे, गाळणीचा होय.

मर्यादा १६० च्या बरीच पुढे नेल्यास ढळ आत शिरतो. त्यापेक्षा खंड २० सेकंदांचे करणे श्रेयस्कर. रक्तप्रवाहाचा प्रतिसाद सुमारे ५-६ सेकंदांत शिखर गाठत असल्याने तेवढा अवधी पुरतो, आणि भेदाचे आवर्तनही ८० सेकंदांवर येते.