समनाम्यांची दुनिया : लेखांक नववा
तीन अक्षय, दोन आदित्य आणि तीन बॅनर्जी

चित्रपटातील अशोककुमार आणि हॉकीतील अशोककुमार या उभयतांचा वृत्तांत या आठवड्यात सादर करण्याचे मी मान्य केले होते. परंतु मध्यंतरी आमच्या अमरावतीच्या राजापेठेतल्याच एका वयोवृद्ध वाचकांचे पत्र हाती आले, आणि त्यातील पृच्छा इतकी आपल्या अंगणातली निघाली, की तिला ताटकळत ठेवणे मला प्रशस्त वाटेना. ते विचारतात : ‘विदर्भाच्या संघात एकाच सामन्यात तीन अक्षय खेळले, असे माझा नातू सांगतो, हे खरे काय? आणि खरे असेल, तर कोणत्या अक्षयाने काय केले, याचा निवाडा आमच्यासारख्यांनी कसा करावा?’

नातवाचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये नागपूरनजीक जामठ्याच्या मैदानावर रणजी करंडकाचा जो अंतिम सामना विदर्भाने सौराष्ट्राविरुद्ध ७८ धावांनी जिंकला, त्यात अक्षय वाडकर, अक्षय कर्णेवार आणि अक्षय वखरे हे तिघेही अकरा जणांत होते. वाडकर यष्टिरक्षक, वखरे उजव्या हाताने ऑफस्पिन टाकणारा, आणि कर्णेवार हा तर दोन्ही हातांनी गोलंदाजी करणारा, म्हणजे एकाच देहात दोन गोलंदाज वागवणारा विलक्षण मनुष्य. त्याच सामन्याच्या पहिल्या डावात नाबाद ७३ धावा काढून त्याने विदर्भाची बाजू सावरली. आणि पुढे २०२१ साली मणिपूरविरुद्धच्या वीस षटकांच्या सामन्यात आपली चारही षटके निर्धाव टाकून, एकही धाव न देता, त्याने दोन बळी घेतले. ज्या खेळात षटकाला सात-आठ धावा देणारा गोलंदाजही पाठीवर थाप घेऊन परततो, तेथे चोवीस चेंडूंत शून्य धावा हा पराक्रम मला कित्येक शतकांहून थोर वाटतो, आणि विदर्भाबाहेर त्याचा पुरेसा गौरव झाला नाही याचा खेदही वाटतो.

आता या तिघांतील घोटाळ्याचे स्वरूप नीट पाहावे. वखरे चेंडू टाकतो, फलंदाज पुढे सरसावून चुकतो, वाडकर दांड्या उडवतो. गुणलेखक बाद होण्याच्या रकान्यात ‘यष्टि. वाडकर, गो. वखरे’ असे लिहून मोकळा होतो, आणि कागदावर काहीही अडत नाही. परंतु प्रेक्षागारातील मनुष्य शेजाऱ्याला तीच हकीकत सांगू लागला, की ‘अक्षयच्या चेंडूवर अक्षयने यष्टिचीत केला’ असे वाक्य तयार होते, आणि स्लिपमध्ये कर्णेवार उभा असेल तर ‘अक्षय, शाब्बास’ ही आरोळी नेमकी कोणाच्या खाती जमा करावी, हा प्रश्न अनिर्णितच राहतो. पत्रलेखकांना माझे सांगणे एवढेच, की आडनाव धरून चालावे. या तिघांच्या बाबतीत ते दगा देणार नाही.

पण सर्वत्र ते असे इमानाने वागत नाही. त्याच्या आदल्या हंगामात, म्हणजे इंदूर येथे १ जानेवारी २०१८ रोजी दिल्लीला नऊ गडी राखून हरवून विदर्भाने पहिल्यानेच करंडक आणला, त्या सामन्यात दोन अक्षयांच्या जोडीला दोन आदित्यही होते : आदित्य सरवटे आणि आमच्या अकोल्याचा आदित्य ठाकरे. हा तरुण वेगवान गोलंदाज आयुष्यातला पहिलाच प्रथम श्रेणीचा सामना खेळत होता, आणि तो एकदम अंतिम सामना. त्याच्या नावाआडनावाचे एक राजकीय पुढारी महाराष्ट्रास सुपरिचित आहेत. इंग्रजी वृत्तपत्रे दोघांची आडनावे निरनिराळ्या रीतीने लिहितात, त्यामुळे तेथील वाचक सुखरूप राहतो. मराठी मथळ्यात मात्र दोघेही एकाच अक्षरांत उतरतात, आणि येथे आडनावाचाही इलाज चालत नाही.

सरवटे हे नाव उच्चारले, की जुन्या क्रिकेटरसिकांच्या मनात चंदू सरवटे उभे राहतात, आणि येथे मला वाट सोडून थोडे दूर जाणे भाग आहे. मे १९४६ मध्ये ओव्हलवर सरे संघाविरुद्ध भारतीयांचे नऊ गडी २०५ धावांत बाद झाले असता, दहाव्या आणि अकराव्या क्रमांकावरील सरवटे व शुटे बॅनर्जी यांनी शेवटच्या गड्यासाठी २४९ धावांची भागी केली; सरवटे नाबाद १२४, बॅनर्जी १२१. शेवटच्या दोन्ही फलंदाजांनी एकाच डावात शतके ठोकल्याचे प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये दुसरे उदाहरण नाही. हे चंदू सरवटे शिक्षणाने वकील आणि व्यवसायाने अंगुलिमुद्रांचे तज्ज्ञ होते. एका मनुष्यापासून दुसरा मनुष्य निःसंशय वेगळा काढणे हेच ज्यांचे नित्याचे काम, अशा गृहस्थांचे नाव समनाम्यांच्या लेखमालेत यावे, याचा मला मनस्वी आनंद होतो.

आणि त्यांचे ते जोडीदार बॅनर्जी? त्यांच्या निमित्ताने तर माझ्या संग्रहातील सर्वांत नामी प्रकरण उघडते. शुटे यांचे पूर्ण नाव सरोबिंदू नाथ बॅनर्जी. १९३६ आणि १९४६ असे इंग्लंडचे दोन दौरे करूनही कसोटी त्यांच्या वाट्याला आली ती थेट १९४९ साली, मुंबईस वेस्ट इंडीजविरुद्ध, आणि तीही एकच. भारत अवघ्या सहा धावांनी विजयापासून दूर राहिला तीच ही कसोटी. त्याच मालिकेत, काही आठवड्यांपूर्वीच, कलकत्त्याच्या कसोटीत सुधांशु अविनाश ऊर्फ मॉन्टू बॅनर्जी खेळले होते; त्यांचीही ती पहिली आणि शेवटची कसोटी. दोघेही मध्यमगती गोलंदाज, दोघांच्याही खात्यावर पाच-पाच बळी, आणि इंग्रजीत दोघांच्याही नावाचे पहिले आद्याक्षर ‘एस.’. यानंतर त्रेचाळीस वर्षांनी, जानेवारी १९९२ मध्ये, सिडनीस तिसरे एस. बॅनर्जी अवतरले. हे सुब्रतो. यांनीही मध्यमगतीने तीन बळी घेतले, आणि यांनाही पुन्हा कसोटी लाभली नाही. एक आद्याक्षर, एक आडनाव, एक तऱ्हेची गोलंदाजी आणि एकेकच कसोटी, असे तीन मनुष्य एका देशाच्या दप्तरात असावेत, हा योगायोग मी कित्येक वर्षे जपून ठेवला आहे. आणि तो आपल्याला परका नाही. कारण हेच सुब्रतो बॅनर्जी पुढे विदर्भाच्या गोलंदाजांचे प्रशिक्षक झाले, आणि विदर्भातून कसोटीपर्यंत पोहोचलेला पहिला खेळाडू उमेश यादव याच्या गोलंदाजीस वळण लावणाऱ्यांत त्यांची गणना होते.

गेल्या आठवड्यातील तिघी सुलोचनांशी हे ताडून पाहावे. रुबी मायर्स यांनी मूकपटांच्या काळी धारण केलेले ते नाव पुढे लाटकर आणि चव्हाण या दोघींनीही आपापल्या क्षेत्रात उजळले, तरी प्रेक्षकांनी एकीस ‘दीदी’ म्हटले, दुसरीस ‘लावणीसम्राज्ञी’ ही सनद दिली, आणि भेद कायमचा ठरला. रंगभूमी-चित्रपटाचा रसिक असा मायेने निवाडा करतो. मैदानावरचा कारभार मात्र आद्याक्षरांवर सोपवला गेला, आणि माझ्या मते तेथेच चूक झाली; कारण आद्याक्षर जागा वाचवते, माणूस वाचवत नाही. आमचे जुने महसुली दप्तर याहून शहाणे होते. मौजे, तालुका, खातेदाराचे नाव, बापाचे नाव, आडनाव, एवढा तपशील असल्यावाचून तलाठी नोंदच धरीत नसे. त्यामुळे एका गावात चार नारायण देशमुख नांदले तरी कोणाचे शेत कोणाच्या नावावर सहसा चढत नसे.

राजापेठेतील एका क्लबाची जुनी गुणवही परवा मी चाळली. शिसपेन्सिलीने आखलेल्या रकान्यांत ‘संजय (मोठा)’, ‘संजय (बडनेरा)’, आणि त्याखाली नुसताच ‘संजय’, अशी तीन नावे होती. त्या दिवशी सीमारेषेवर बसलेल्या प्रत्येकाला ते तिघे ठाऊक असतील यात संशय नाही. आज मात्र त्या नुसत्या संजयाने काढलेल्या एकसष्ट धावांना कोणी वारस उरलेला नाही, आणि हे मला फार लागले.

म्हणून अमरावती-अकोल्याकडील क्लबांच्या गुणलेखकांस माझी आग्रहाची विनंती आहे, की प्रत्येक सामन्याच्या पहिल्या पानावर अकराही खेळाडूंचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव व गाव पूर्णपणे लिहावे. आतील पानांवर मग हवी तेवढी काटछाट करावी. ज्यांच्या घरी अशा जुन्या वह्या असतील, त्यांनी त्या रद्दीत घालण्यापूर्वी ओळखीची नावे तरी समासात पूर्ण करून ठेवावीत. अशोककुमार द्वयाचा वृत्तांत, १९७५ च्या क्वालालंपूर येथील निर्णायक गोलासह, पुढील लेखांकी.